पाटावर आहे

१

देल्फिना ओरोस्कोच्या रोपवाटिकेत मी पोचले तेव्हा चिखल अजून ओलाच होता. हिवाळाभर हाताने बांधलेली द्राक्षाची कलमं चारीच्या कडेला काडीकचऱ्यासारखी गोळा झाली होती. एक कोंबडी त्यातून किडे वेचत फिरत होती.

"मोजत बसू नका," देल्फिना म्हणाली. "मी मोजायला गेले आणि अर्ध्यातच रडू आलं. तुम्ही नुसत्या दमाल."

"मी दमूनच आलेय," मी म्हणाले.

मी ओतिलिया बार्रियोनुएवो. मेंदोसाच्या जलखात्यात पाण्याच्या भांडणांची चौकशी करते, आणि त्यातच आयुष्य गेलं. इथली माणसं बायको पळवणाऱ्याला एक वेळ माफ करतील, पण पाण्याची पाळी पळवणाऱ्याशी त्यांची नातवंडंही बोलत नाहीत. शहरातून बसने इथवर येताना माझा डावा गुडघा सुजला होता. ही चौकशी संध्याकाळच्या बसच्या आत संपावी, एवढीच माझी इच्छा होती. ती पुरी झाली नाही.

घडलं होतं ते असं. ऑक्टोबर म्हणजे इकडे वसंत, वेलींना कोवळी पालवी आलेली. शुक्रवारी रात्री हिम पडणार असा अंदाज आला. जमीन ओली असली तर ती ऊब धरून ठेवते, म्हणून लास चिल्कासच्या पाणी संघाने पाळी बदलली. खालच्या भागाचं शनिवारचं पाणी शुक्रवारी मावळतीलाच सोडायचं ठरलं. तशी सूचना सगळ्यांना मेलने जायची आणि मग ज्याने त्याने आपल्या शेताची दारं उघडून ठेवायची. पाणी सुटलं, पण खाली एकाचंही दार उघडं नव्हतं. चारी तुडुंब भरली आणि जिथे बांध कच्चा होता तिथे, म्हणजे देल्फिनाच्या दारातच, फुटली.

"तुम्हाला सूचना मिळाली नव्हती?"

"मिळाली असती तर दारं बंद ठेवून मी घरात काय केक भाजत बसले असते? खालच्या कोणालाच मिळाली नाही. घरोघर विचारा."

"संघाचे अध्यक्ष म्हणतात, त्यांना मिळाली."

"मिळणारच. ते वरच्या भागात राहतात ना, मेलसुद्धा आधी त्यांच्याकडे थांबत असेल." ती कडवट हसली. "त्यांचं म्हणणं असं की पाटकरी निकानोरने वेळेआधी पाणी सोडलं. सोमवारी सभा आहे. पाटकऱ्याला काढायचं जवळजवळ ठरलंय. काढलं की पाटाच्या दरवाजाजवळचं घरही गेलं. ते नोकरीबरोबरच येतं."

"तुमचं नुकसान झालंय. तुम्हाला काय वाटतं?"

तिने कोंबडीला चिखलाचा गोळा फेकून मारला. "निकानोरने नाही केलं हे. पण कोणीतरी केलंय, बाई. आणि तो माणूस रविवारी चर्चमध्ये आमच्याच बाकावर बसतो."

२

निकानोर फुनेस पाटाच्या मोठ्या दरवाजापाशी चाकाला ग्रीस लावत होता. बाजूला त्याचं घर, दोन खोल्यांचं, दारात जर्दाळूचं झाड. त्याच्या बायकोने मला न विचारताच खुर्ची दिली आणि माते, म्हणजे इथला कडवट पानांचा चहा, भरून त्याची नळी माझ्याकडे वळवली. माझा गुडघा बघून दुसरी खुर्ची पायासाठी आणली. या घरातून या दोघांना बाहेर काढायचं होतं.

"पाणी कधी सोडलंत?"

"सूर्य डोंगराआड गेला, मी चाक फिरवलं. सूचनेत तसंच होतं ना? मावळतीला."

"तुम्ही सूचना वाचलीत?"

"मला कोण मेल पाठवतंय? मी दुपारी संघाच्या ऑफिसच्या खिडकीत गेलो. नेलिदा कुलूप लावत होती. म्हटलं, गेली का सूचना? म्हणाली, गेली. संपलं."

"सोमवारी सभेत हेच सांगा."

"सोमवारी वरच्या भागाची पाळी आहे. मी सभेत बसलो तर दार कोण उघडणार, बिशप?"

"अहो, तुमचीच नोकरी जातेय तिथे."

"जाऊ दे. पाळी चुकली म्हणून जायला नको."

असल्या माणसांपुढे मी हात टेकते. त्यांना वाचवायचं म्हणजे त्यांच्याशीच आधी भांडावं लागतं.

दरवाजाजवळ एक दगडी बाक होता. मी बघतेय म्हटल्यावर तो म्हणाला, "थोरल्यांचा बाक. अनसेल्मो लुसेरो, आत्ताच्या अध्यक्षांचे वडील. जन्मभर संघ त्यांनीच चालवला. आता त्यांची बायको येऊन बसते. संध्याकाळी, फोन घेऊन. त्यांना लिहिते."

"कोणाला?"

"थोरल्यांना. मेल."

"ते वारले ना?"

"वारले म्हणून काय झालं? वर्षाची प्रार्थना कुठे झालीय अजून?" माझ्या अडाणीपणाची त्याला कीव आली असावी. "वर्ष होईपर्यंत आमच्याकडे नाव कुठूनही काढत नाहीत. सभेत हजेरी घेतात तेव्हा नाव पुकारलं की घरचं कोणीतरी सांगतं, 'पाटावर आहे.' आता एवारिस्तो सांगतो, मुलगा."

"त्यांची बायको शुक्रवारी इथे होती? पाणी सोडताना?"

निकानोरने ग्रीसचा हात फडक्याला पुसला. "नाही. तेच तर. गुरुवारी बसली होती नेहमीसारखी. लिहून झालं, तशीच बसून राहिली. मग फोनकडे पाहिलं आणि उठून चालायला लागली. माझी बायको हाक मारतेय, तरी मागे वळली नाही. तेव्हापासून आलेलीच नाही."

३

इथे जेवणानंतर सगळं गाव झोपतं. तरी नेलिदा सोसाने माझ्यासाठी ऑफिस उघडलं. ती संघाची सचिव. चेहरा असा की काल रात्रीही झोपली नसावी.

"शुक्रवारी मीच लिहिली सूचना. पाठवायचं बटण दाबलं, कुलूप लावलं, घरी गेले. एक वाजला होता, पोटात कावळे ओरडत होते."

"गेली की नाही ते पाहिलं नाहीत?"

"हे यंत्र एक पत्र पाठवायला एक जेवण घेतं, बाई. थोरल्यांनी आणलेलं आहे. बदलू या म्हटलं की एवारिस्तो गप्प होतो. दाबायचं आणि जायचं, आजवर तसंच चाललंय."

मी तिला पाठवलेल्या मेल उघडायला सांगितल्या. मंगळवारची सूचना होती. त्याआधीच्याही होत्या. शुक्रवारची नव्हती. पाठवायच्या राहिलेल्या मेलचा कप्पा पाहिला, तो रिकामा.

"म्हणजे कोणीतरी पुसलीय," मी म्हणाले.

"माझ्याकडे असं बघू नका!" ती एकदम उसळली. "काल दुपारी आले तेव्हा हे असंच होतं. मी पुसायला वेडी आहे का? तीच तर माझी साक्ष होती!"

"किल्ल्या कोणाकडे असतात?"

"माझ्याकडे एक. आणि..."

दार वाजलं. एवारिस्तो लुसेरो आत आला. उंच, सभ्य, नखांत माती. त्याने टोपी काढली, माझ्या गुडघ्याची चौकशी केली आणि एक घडी घातलेला कागद टेबलावर उलगडला.

"तुम्हाला हाच हवा असेल. शुक्रवारची सूचना. माझ्या मेलवर आली, मी घरी छापून ठेवली."

कागदावर सूचना होती. 'शुक्रवारी मावळतीला.' वर सगळ्या सभासदांचे पत्ते, देल्फिनाचा, त्याचा स्वतःचा आणि मधेच अनसेल्मो लुसेरो.

"मग खालच्या लोकांना का नाही मिळाली?"

"मिळाली असेल. वाचत नाहीत. आता नुकसान झालं म्हटल्यावर कानावर हात ठेवणारच. त्यात निकानोरने अंधार पडायची वाट पाहिली नाही." तो हे रागाने बोलत नव्हता. पाठ केलेलं परत म्हणावं तसा बोलत होता. "त्याच्यासाठी मी दुसरीकडे शब्द टाकीन. माणूस वाईट नाही."

"तुमच्या आईशी बोलायचं होतं. संध्याकाळी त्या दरवाजाजवळ बसतात म्हणे."

"आईला यात ओढू नका."

"मी फक्त..."

"तिच्या घरातलं माणूस गेलंय, सेन्योरा. तिला सोडा."

मी सहज विचारलं होतं. त्याने मात्र कागदावरचा हात चटका बसल्यासारखा मागे घेतला होता. कुठेतरी पाणी मुरत होतं.

४

तो गेल्यावर मी नेलिदाला म्हटलं, "त्याच सगळ्या पत्त्यांवर एक चाचणी पाठवा. आणि आज घरी जायचं नाही. बसायचं."

आम्ही बसलो. तिने पावाच्या खारट चकत्या काढल्या, मी गुडघा चोळला. यंत्र कण्हत राहिलं. बऱ्याच वेळाने पडद्यावर एक करडी चौकट उघडली. इंग्रजी मजकूर, एक आकडा आणि मधोमध थोरल्यांचा पत्ता.

"हे काय?" नेलिदा खुर्चीतून अर्धी उठली. "मी ही चौकट जन्मात पाहिली नाही."

मी शहरातल्या मेल कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस माझ्याइतकाच कंटाळलेला होता, त्यामुळे आमचं लगेच जमलं. मी चौकटीतली अक्षरं एकेक करून वाचून दाखवली.

"सोपं आहे," तो म्हणाला. "आमच्या सर्व्हरने सांगितलंय, या नावाचं इथे कोणी नाही. खातं बंद झालंय."

"एकाचं बंद झालं. बाकीच्यांना तर गेली ना?"

"ते तुमच्याकडच्या प्रोग्रामवर आहे. पत्र द्यायच्या आधी तो एकेक नाव विचारतो, हा आहे का, तो आहे का. एखादं नाव नाकारलं की हल्लीचे प्रोग्राम त्याला वगळतात, बाकीच्यांना पत्र देतात. काही ठिकाणी तर आधी सगळंच घेतात आणि मागाहून नाही मिळालेल्याचं पत्र परत येतं. तुमच्याकडे कुठला आहे?"

नेलिदाने नाव सांगितलं.

तो हसला. "अजून जिवंत आहे? मग झालं. तो एक पाहुणा दारात अडवला की अख्खं जेवणच रद्द करतो. एकाला नाही तर कोणालाच नाही. पत्र तसंच पडून राहतं आणि ही चौकट येते. तुम्ही 'ठीक' म्हणेपर्यंत हलत नाही."

नेलिदाने छातीवर क्रूस केला. "म्हणजे शुक्रवारी मी जेवत होते तेव्हा..."

"ही चौकट इथे उघडी होती," मी म्हणाले. "शनिवारी सकाळी कोणीतरी आलं, ती वाचली, मिटवली आणि पत्र पुसलं." मग फोनमध्ये विचारलं, "ते खातं कधी बंद झालं? कोणी केलं?"

"ते सांगता येत नाही. लेखी अर्ज करा. महिना लागेल."

सभा उद्या होती. इथेच घोडं पेंड खात होतं. खातं शुक्रवारनंतर बंद झालं असेल, तर सूचना सगळ्यांना गेली होती आणि एवारिस्तो खरं बोलत होता. आधी बंद झालं असेल, तर मात्र त्याच्या हातातला तो कागद त्याच्या मेलवर कधीच आला नव्हता. थोरल्यांचं नाव यादीत असताना या यंत्रातून कोणालाच काही गेलं नसतं, त्यालाही नाही.

खातं कधी बंद झालं हे सांगू शकेल असं गावात एकच माणूस होतं. आणि तिला यात ओढायचं नव्हतं.

५

क्लोतिल्दे लुसेरोने स्वतःच दार उघडलं. छोटीशी बाई, काळा स्वेटर, पाठ ताठ.

"एवारिस्तोने सांगितलं होतं तुम्ही येणार नाही म्हणून," ती म्हणाली. "म्हणजे येणार हे मला कळलंच. बसा. पाय वर घ्या."

मी पाय खुर्चीवर घेतला. 

"तुम्ही संध्याकाळी लिहिता," मी शेवटी म्हणाले.

"लिहायचे. काय शिजवलं, कोण येऊन गेलं, पाटाला किती पाणी आहे. त्यांना पाण्याचं ऐकायला आवडायचं." तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "मी खुळी नाही हो. उत्तर येणार नाही हे मला ठाऊक होतं. पण पत्र परतही येत नव्हतं ना. कुठेतरी जाऊन पडत होतं. तेवढं पुरायचं मला."

"आणि गुरुवारी?"

तिने फोन माझ्या हातात दिला. वाचायला तिला चष्मा लागत नव्हता, कारण तिला ते पाठ झालं होतं. पत्र पोचू शकलं नाही. कायमची चूक. या नावाचं इथे कोणी नाही. खाली तिचंच पत्र जसंच्या तसं परत आलेलं: भोपळ्याचं कालवण केलं होतं, निकानोरच्या जर्दाळूला फळ धरलंय. वर वार आणि वेळ होती. गुरुवार, संध्याकाळ.

"औषधाच्या दुकानातल्या मुलीने अर्थ सांगितला," ती म्हणाली. "मला वाटलं, गेले. आता खरे गेले. वर्षाचीसुद्धा वाट पाहिली नाही."

मला रडू आलं. चौकशीत रडायचं नसतं. मी रुमाल शोधायच्या निमित्ताने पिशवीत डोकं घातलं.

"हे यंत्राने नाही केलं, क्लोतिल्देबाई," मी म्हणाले. "आपोआप नाही झालं. खातं कोणीतरी बंद केलं."

"ते बंद करायचा हक्क कोणाला आहे?"

मी फोन तिला परत दिला. संघाची खाती उघडणं आणि मिटणं फक्त अध्यक्षाच्या हातात असतं. आणि हे तिला माझ्याआधीपासून ठाऊक होतं, नवऱ्यानेच जन्मभर ते केलं होतं.

बाहेर अंगणात कोणीतरी उभं होतं. दाराच्या काचेतून टोपी दिसत होती.

६

आम्ही वेलींच्या रांगेत गेलो. आईला ऐकू जाणार नाही इतक्या लांब त्याने मला नेलं, हळू, माझ्या गुडघ्याला जपत.

"तिने दाखवलं?"

"दाखवलं. गुरुवार आहे त्यावर. म्हणजे शुक्रवारी तुमच्या मेलवर सूचना आलेली नाही, एवारिस्तो. तो कागद तुम्ही शनिवारी सकाळी ऑफिसात छापला. चौकट मिटवली, पत्र पुसलं. किल्ल्या दोनच आहेत, आणि नेलिदाने पुसलं असतं तर स्वतःची साक्ष पुसली असती. पण तुमचीच चूक झाली. तो कागद खरा आहे असं दाखवायचं तर त्यावर वडिलांचं नाव असायला नको होतं. ते आहे, म्हणून तो कोणालाच गेला नाही."

तो वेलीचा कोंब बोटांनी चाचपत राहिला. हिमाने काळा पडला होता.

"रोज लिहायची ती," तो म्हणाला. "जेवण टाकून. मला वाटलं, पेटीच नसली तर थांबेल. बुधवारी रात्री बंद केलं. ते पत्र तिच्या तोंडावर परत येईल हे मला काय माहीत!"

"आणि शनिवारी?"

"बांध का फुटला बघायला गेलो. पडद्यावर पपांचं नाव. शेजारी ती ओळ. मला इंग्रजी येत नाही, पण ते समजलं." त्याने टोपी काढली. "सूचना का गेली नाही हे सांगायचं म्हणजे खातं कोणी मिटलं तेही सांगायचं. सगळ्या गावासमोर. तिच्यासमोर. मी वडलांचं नाव वर्षाच्या आत पुसलं म्हणून."

"त्यापायी तुम्ही निकानोरवर खापर फोडलंत. त्याचं घर जाईल."

"त्याला दुसरीकडे काम लावून देणार होतो."

"त्याच्या बायकोचं जर्दाळूचं झाडही दुसरीकडे लावून देणार होतात का?"

त्याने तो काळा कोंब खुडला. मी खूप दमले होते. या माणसाचा मला राग येत होता आणि त्याची दयाही येत होती, आणि दोन्ही एकदम पेलण्याचं माझं वय राहिलेलं नाही.

"उद्या सभेत तुम्ही बोला," मी म्हणाले. "तुम्ही नाही बोललात तर मी बोलेन. पण तुम्ही बोललेलं तिला बरं वाटेल."

७

सभा शाळेच्या वर्गात होती. माणसं लहान मुलांच्या बाकांवर गुडघे वर करून बसली होती. निकानोर अर्थातच आला नव्हता. क्लोतिल्दे आली. ती कधी येत नसे. मागच्या भिंतीपाशी उभी राहिली, खुर्ची दिली तरी बसली नाही.

नेलिदाने हजेरी सुरू केली. नावं झाली, 'हजर, हजर' झालं. मग तिचा आवाज जरा अडखळला.

"अनसेल्मो लुसेरो."

सगळ्यांच्या माना सवयीने एवारिस्तोकडे वळल्या. तो उभा राहिला. तोंड उघडलं. दोन साधे शब्द होते, इतके महिने तो ते म्हणत आला होता. आता ते त्याच्या तोंडून निघेनात. हातातली टोपी त्याने पिळून काढली होती.

"अनसेल्मो लुसेरो?" नेलिदाने पुन्हा, हळूच.

"नाही," मागून क्लोतिल्दे म्हणाली. "ते गेले. काढ नाव."

 ती मुलाकडे बघत होती. "मला गुरुवारीच कळवलं त्यांनी. आता तू काय सांगायचंय ते सांग, पोरा. मी इथेच आहे."

आणि त्याने सांगितलं. काही लपवलं नाही, रडलाही नाही. बुधवार, चौकट, पुसलेलं पत्र, खोटा कागद. अध्यक्षपद सोडतो म्हणाला आणि खाली बसला. देल्फिना उठून काहीतरी तिखट बोलणार होती, तिने क्लोतिल्देकडे पाहिलं आणि परत बसली. पाटकऱ्याला काढायचा विषय कागदावर होता. तो कोणी वाचलाच नाही.

नेलिदाने थोरल्यांच्या नावावर रेघ मारली. रेघ वाकडी गेली. मग नाक ओढून तिने उरलेली नावं पुरी केली, आणि शेवटी, प्रथेप्रमाणे, संघाच्या नोकरांची.

"निकानोर फुनेस."

खिडकीबाहेर चारीतून पाणी जाताना ऐकू येत होतं. वरच्या भागाची पाळी वेळेवर सुटली होती.

"पाटावर आहे," क्लोतिल्दे म्हणाली.

नेलिदाने नावापुढे खूण केली.